उशाकडची बाजू

तंजावर
१४ सप्टेंबर २०२५

अण्णा,

पत्राची पहिली ओळ ‘आम्ही सर्व खुशाल’ अशी लिहायची, हे आईनं आपल्याला पाटीवर देवनागरी गिरवायला लावतानाच शिकवलं होतं. आज ती ओळ लिहायला घेतली आणि थांबले. ‘सर्व’ म्हणजे आता मी एकटी. मी खुशाल आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. तेरावा करून तू पुण्याला गेल्यापासून आपण चार वेळा फोनवर बोललो. चारही वेळा तू ‘जेवलीस का’ विचारलंस, मी ‘हो’ म्हटलं, आणि पुढं दोघंही गप्प. शिवाय आईचा नियम होताच: कामाचं फोनवर, बाकीचं पत्रात, नाहीतर या घरातली लिपी जाईल.

कॉलेज सुरू झालं आहे. मुलींना पानातली रंध्रं दाखवताना ‘श्वास’ हा शब्द येतो, तेवढं सोडलं तर शिकवता येतं. घरी कुकरची वाफ सुटली की मात्र दचकते. आय.सी.यू.मधलं ते यंत्र असाच श्वास सोडायचं.

आईची कोरै गवताची चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी आहे. बाबा गेल्यापासून एकोणीस वर्षं ती त्याच चटईवर, उशीशिवाय, सपाट झोपली. कुणी सांगितलं नव्हतं, तिनंच धरलेलं व्रत. एकदा मी ताप आला म्हणून डोक्याखाली पातळ उशी सरकवली, तर सकाळी ती उशी माझ्या अंथरुणावर परत आलेली. चटई आता कुणाला द्यावी ते कळत नाही.

काल गॅसवाला आला होता. सिलिंडर ठेवून दारातच घोटाळला. म्हणाला, ‘अम्मा असत्या तर आधी बसायला सांगितलं असतं.’ आई उभ्या माणसाशी बोलायचीच नाही. ‘बैस आधी. उभ्यानं काय बोलणं?’ मला ते सुचलं नाही. तो गेला.

इस्पितळातल्या लोकांनी जमेल तेवढं केलं, असं मला वाटतं. तूही तसंच मनात धर.

तुझी
भुवना

-----

पुणे
२३ सप्टेंबर २०२५

प्रिय भुवना,

गॅसवाल्याचं वाचलं आणि एक गोष्ट आठवली. ती तुला सांगितलीच नव्हती.

दहा ऑगस्टला, रविवारी, मी आत गेलो तेव्हा आई जागी होती. पापण्या पडलेल्या, तोंडात नळी, पण ओळख पूर्ण. तिनं उजवा हात गादीवरून जरासा उचलला, पंजा पालथा केला आणि दोनदा खाली दाबला. मला आधी काही कळेना. मग लक्षात आलं, मी उभा आहे. कोपऱ्यातलं स्टूल ओढून बसलो आणि हात थांबला. घशात नळी असताना ही बाई मला ‘बैस’ म्हणत होती. मी तिथं हसलो, भुवना. आता त्या आठवणीवर दिवस काढतो आहे.

पण तुझ्या शेवटच्या ओळीशी मी सहमत नाही.

आईचा आजार मरणाचा नव्हता. मायस्थेनियात स्नायू थकतात. तिचे श्वासाचे स्नायू थकले म्हणून सात तारखेला यंत्र लावलं. औषध लागू पडलं की आठवड्यात नळी काढू, असं मोठे डॉक्टर आपल्या दोघांसमोर म्हणाले. म्हणून तर मी अकराला परत निघालो. बाराला ताप आला. वीसला ती गेली. कागदावर कारण लिहिलं आहे: यंत्रावर असताना झालेला न्यूमोनिया. म्हणजे जो आजार घेऊन ती आत गेली त्यानं नाही, आत गेल्यावर मिळालेल्या आजारानं.

मी केसपेपरची प्रत मागवली आणि इथल्या एका मित्राला दाखवली. तो आय.सी.यू.तच काम करतो. त्यानं समजावलं. नळीमुळं घसा मिटत नाही. तोंडातलं, पोटातून वर आलेलं, थेंब थेंब नळीच्या कडेनं फुप्फुसात झिरपतं. म्हणून अशा माणसाची उशाकडची बाजू कायम तीस अंश तरी वर ठेवायची असते. आणि नऊ ऑगस्टच्या नर्सच्या तक्त्यात, दुपारी दोन चाळीसला, त्यांच्याच हातची नोंद आहे: ‘उशाकडची बाजू सपाट आढळली. वर केली. डॉक्टरांना कळवले.’

सपाट! आणि बारा वाजता नळीतून अन्न दिलेलं.

त्या दिवशी बारा ते साडेबारा तू आत होतीस. तू निघालीस तेव्हा खाट कशी होती? मी तक्रार लिहिली आहे. त्यावर तुझी सही लागेल.

तुझा
मुरलीकृष्ण

-----

तंजावर
३ ऑक्टोबर २०२५

अण्णा,

पत्र मिळून पाच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण सहामाहीचे पेपर तपासायचे होते. ओट्याशी उभ्यानं तपासते. जेवणही तिथंच उरकतं.

खाट कशी होती ते मला नीट सांगता येणार नाही. अशा वेळी माणूस खाट बघत नाही, खाटेवरचं माणूस बघतो. डायरी काढून पाहिली. नऊ ऑगस्टची नोंद अशी आहे: ‘बारा वाजता आईला भेटले. शांत होती. पाऊस नाही.’ एवढंच. तुला माहीत आहे, डायरीत मी खोटं लिहीत नाही.

तक्रार पाठवू नकोस असं म्हणत नाही. थोडं थांब. तुझा मित्र हुशार असेल, पण तो तिथं नव्हता. दोन तास डोकं खाली राहिल्यानं माणूस जातो असं कुणी छातीवर हात ठेवून सांगेल का? ते त्याला विचार. खरंच विचार, आणि तो काय म्हणतो ते मला कळव.

त्या नोंदीखाली सही कुणाची आहे?

आईच्या हाताचं तू लिहिलंस ते मी बऱ्याचदा वाचलं.

भुवना

-----

पुणे
१६ ऑक्टोबर २०२५

प्रिय भुवना,

मित्राला विचारलं. तो म्हणाला, ‘असं एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. सगळं नीट केलं तरी हा न्यूमोनिया होतो.’ डॉक्टर डॉक्टरांना सांभाळून घेतात, त्यात नवल नाही.

मी थांबलो नाही. तक्रार माझ्या एकट्याच्या सहीनं पाठवली. इस्पितळाचं उत्तरही आलं. सही महालक्ष्मी नावाच्या नर्सची आहे, ओरत्तनाडूची. त्या पाळीला चार खाटा तिच्याकडं होत्या. तिला कामावरून दूर ठेवलं आहे. सहा नोव्हेंबरला चौकशी आहे आणि त्या दिवशी भेटायला आलेल्या नातेवाइकाचा जबाब त्यांना हवा आहे. म्हणजे तुझा.

तुला फार बोलावं लागणार नाही. डायरीचं ते पान दाखव. ‘शांत होती’, म्हणजे तू निघेपर्यंत सगळं ठीक होतं, खाट नंतर खाली गेली. तू कधी खोटं लिहीत नाहीस हे मी शपथेवर सांगेन.

ओट्याशी उभं राहून पेपर? पाठ दुखते आहे का? इथून एक चांगली खुर्ची मागवली आहे, दिवाळीच्या सुमारास तुझ्याकडं पोचेल. यंदा आपल्याला दिवाळी नाही, तर ही भेट नाही, गरज समज.

मुरलीकृष्ण

-----

तंजावर
२५ ऑक्टोबर २०२५

अण्णा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिल्या दोन खेपांना मी स्वतःला पुष्कळ वाईटसाईट म्हणून घेतलं होतं. वाचून पाहिलं तेव्हा कळलं, तेही एक लपणंच होतं. आता घडलं तेवढंच लिहिते.

शनिवार, नऊ ऑगस्ट. मी आत गेले तेव्हा नर्स आईला नाकातल्या नळीतून अन्न देऊन नुकतीच पलीकडच्या खाटेकडं गेली होती. आई अर्धवट बसवल्यासारखी होती. थोडी खाली घसरलेली, मान एका अंगाला. जी बाई एकोणीस वर्षं उशी घेत नाही तिला यांनी तक्क्याला रेलवून ठेवलं आहे, असं माझ्या मनात आलं. तो चढ ही इस्पितळाची सुखसोय आहे असंच मी धरलं. भिंतीवर तिरक्या खाटेचं चित्र लावलेलं होतं म्हणतात. मला ते आठवत नाही. आणि ‘आठवत नाही’ लिहितानाही मी खरं लिहिते आहे का, याची खात्री नाही.

तेवढ्यात आईनं हात उचलला. पालथा पंजा. दोनदा खाली.

मला वाटलं, ती म्हणते आहे, मला खाली कर. माझं धरलेलं मोडू नको.

मी पायथ्याशी वाकले. खाटेखालचा लोखंडी दांडा बाहेर ओढला आणि दोन्ही हातांनी फिरवला. जड होता. खाट सपाट झाली. आईचा हात तरी हलतच होता. मी तो हातात घेतला, गादीवर ठेवला आणि म्हटलं, ‘झालं आई, झालं.’ ती माझ्याकडं बघत राहिली. मी ते समाधान समजले.

घरी आले, कॉफी करून प्यायले, आणि कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. सगळ्यात जड हेच लिहायला गेलं. त्या दुपारी मला बरं वाटत होतं.

डायरीत ते का नाही? ताप तीन दिवसांनी आला, तेव्हा त्या संध्याकाळी लपवण्यासारखं काही नव्हतं. तरी मी ‘शांत होती’ लिहून थांबले. विचारल्याशिवाय हात लावला हे तेव्हाच कुठंतरी टोचलं असेल. मला शोधून सापडत नाही. पान खोटं नाही, अण्णा, आणि त्या पानानं मी तुझ्याशी खोटं बोलले.

मग तुझं पत्र आलं. तू स्टूल ओढून बसलास आणि हात थांबला. माझ्यासमोर तो थांबला नव्हता. मी उभी होते. अर्धा तास मी तिच्यासमोर उभी होते.

त्या दिवसापासून मला या घरात बसता येत नाही. खुर्चीजवळ गेले की तिचा पालथा पंजा समोर येतो. खुर्चीवर नाही, हवेत, गादीच्या उंचीवर. दाराबाहेरच्या तिण्णैवर बसवत नाही, जेवायला पाटावर नाही, झोपाळ्यावर नाही. कॉलेजात बसते. बसमध्ये बसते. घरी आले की उभी. तुझी खुर्ची आली आहे. खोकं उघडलेलं नाही.

आता महालक्ष्मीचं. त्या तक्त्यात दर चार तासांनी एक रकाना भरायचा असतो. तिनं बाकीच्यांसारखं ‘तीस अंश’ लिहून टाकलं असतं तर तुझ्या मित्राला काही दिसलंच नसतं. तिनं दिसलं ते लिहिलं, म्हणून ती सापडली. आणि जिच्या डायरीची तू शपथ घेणार होतास, ती मी.

इस्पितळालाही आज लिहिलं आहे, तमिळमध्ये, सहीनिशी. ही दोन्ही पत्रं एकाच वेळी टपालात टाकते आहे. एक टाकून दुसरं पर्समध्ये ठेवायचा मोह मला होईल, हे मला माहीत आहे.

भुवना

-----

तंजावर
२२ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

महिना झाला. पत्र नाही, फोन नाही. तो तुझा हक्क आहे. पण तू सुरू केलेल्या गोष्टीचं पुढं काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

सहा तारखेला मी जबाब दिला. त्यांनी खुर्ची पुढं केली, मी उभ्यानंच बोलले. मोठे डॉक्टर म्हणाले, ‘मॅडम, ताप त्यामुळंच आला असं आम्ही लिहू शकत नाही.’ मी विचारलं, ‘त्यामुळं आला नाही असं लिहाल?’ ते म्हणाले, ‘तेही नाही.’ चौकशीत हेही निघालं की ते दोन तास महालक्ष्मी पलीकडच्या खाटेपाशी होती. तिथल्या माणसाचं हृदय बंद पडलं होतं. तो वाचला. तिला कामावर परत बोलावलं आहे.

मागच्या रविवारी मी ओरत्तनाडूला गेले. माफी मागायला म्हणून निघाले होते. बसमध्ये मात्र वाटत राहिलं की माफी मागून मी तिला आणखी एक काम देणार आहे, माझं समाधान करायचं. दोनदा वाटेत उतरावंसं वाटलं. दोन्हीकडं भाताच्या खाचरांत पाणी भरलेलं. उतरायला कोरडी जागाही नव्हती.

दार तिच्या सासूनं उघडलं. मी नाव सांगितल्यावर आत वळून म्हणाली, ‘ये गं, तुझी खाटवाली आली आहे.’ आणि मला म्हणाली, ‘तुमच्यामुळं महिनाभर सून घरी मिळाली. माझे गुडघे बरे झाले. आता तुम्ही तिला परत पाठवताय.’ थट्टा होती की टोमणा, कळलं नाही. दोन्ही असेल.

महालक्ष्मी पस्तिशीची असेल. हात धुऊन, पदराला पुसत बाहेर आली. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. ती म्हणाली, ‘अक्का, मला तेव्हाच माहीत होतं.’

‘काय माहीत होतं?’

‘दांडा बाहेर राहिला होता. आम्ही फिरवला की आत दुमडून ठेवतो, नाहीतर पायाला लागतो. घरचे लोक बाहेरच ठेवतात.’

‘मग तुम्ही तसं लिहिलं का नाही?’

‘मी बघितलं ते लिहिलं. कुणी केलं ते बघितलं नव्हतं.’ मग म्हणाली, ‘आणि लिहिलं असतं तर तुम्हाला आत सोडलं नसतं. अम्मा रोज बारा वाजले की दाराकडं बघायच्या.’

मी विचारलं, तो हात तिनं पाहिला होता का. करून दाखवला. ती हसली. म्हणाली, ‘तो? तो तर मला रोज. मला वाटायचं काहीतरी दुखतंय. मग एकदा डॉक्टर राउंडला आले, त्यांनाही तसंच. तेव्हा कळलं, सगळ्यांना बसवायला बघतायत. आम्हाला ड्यूटीवर बसता येत नाही. मग मी त्यांचा हात घट्ट धरायची, म्हणजे बसल्यासारखं.’

ताप त्यामुळंच आला का, ते मी विचारायचं नाही असं ठरवून गेले होते. तरी विचारलं. ती म्हणाली, ‘नळी घातल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी असे ताप मी पुष्कळ बघितलेत, डोकं वर असलेल्यांनाही. पण म्हणून तुमच्यामुळं आला नाही, असं मी म्हणणार नाही. तुमच्यामुळं आला असंही नाही. अक्का, मी ते दोन तास स्वतःपुरते मोजते. तुम्ही तुमचे मोजा.’

मी उठायला म्हणून वळले. खरं तर मी बसलेच नव्हते, एवढा वेळ दाराच्या चौकटीला हात लावून उभी होते. तिनं भिंतीशी चटई अंथरली. कोरैचीच, आईच्या चटईसारखी. ताकाचा पेला हातात होता म्हणून दुसरा हात पालथा करून तिनं खाली दाखवलं. ‘उक्कारुंगो, अक्का.’

मी बसले.

तिच्या सासूनं पंखा लावला. मी ताक प्यायले.

घरी मात्र अजून जमलेलं नाही. काल खोकं उघडलं. खुर्ची चांगली आहे.

भुवना

-----

पुणे
५ डिसेंबर २०२५

भुवना,

तुझं ऑक्टोबरचं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात वाचलं. तेव्हापासून पाच उत्तरं लिहिली. पहिल्या तिन्हींत सगळा दोष तुझ्यावर होता. ती वाचण्यासारखी नव्हती, फाडली.

‘माफ केलं’ असं मी लिहीत नाही. ते खरं आहे की नाही मला अजून ठाऊक नाही, आणि खोटं लिहिलं तर तुला पहिल्या ओळीतच कळेल. पण माझंही एक तुला सांगायचं राहिलं आहे.

मी तुला रविवारचं सांगितलं. सोमवारचं सांगितलं नाही. अकरा तारखेला दुपारी निरोप घ्यायला मी आत गेलो. चेन्नईची गाडी होती, बाहेर रिक्षा उभी होती. आईनं पुन्हा तसाच हात केला. दोनदा नाही, कितीतरी वेळा. ती काय म्हणते आहे हे मला नक्की कळत होतं. तुला कळलं नव्हतं, मला कळत होतं. मी घड्याळ बघितलं आणि ‘येतो आई’ म्हणून उभ्या उभ्याच निघालो. दारातून मागं बघितलं तेव्हा हात चालूच होता. चौदाला परत आलो तेव्हा ती शुद्धीत नव्हती.

तक्रारीचा मजकूर मी त्या रिक्षातच मनाशी जुळवायला लागलो होतो. कुणाविरुद्ध, ते तेवढं ठरायचं होतं. ताप आला, नोंद सापडली, नाव मिळालं. महालक्ष्मीला मी वेगळं पत्र लिहिलं आहे. तमिळमध्ये लिहिलं, पंचवीस वर्षांनी. चुका असतील.

वीस तारखेला, शनिवारी, सकाळी पोचतो आहे. स्टेशनवर येऊ नकोस. आईची चटई कुणाला देऊ नकोस, ती मी आलो की माजघरात अंथरू. नवीन खुर्ची एकच आहे, तिच्यावर कुणी बसायचं यावर भांडायला नको.

आणि मी येईन तेव्हा दारात उभी राहू नकोस. मला ते बघवणार नाही. आत ये, आणि आधी बैस. मीही बसेन. मग काय ते बोलू.

अण्णा